ऑस्ट्रेलियात शिकताना जोडीदारासोबत राहत असाल तर: यूथ अलाउन्स आणि ऑस्टडीची पात्रता, अर्ज व कागदपत्रे

ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सेंटरलिंककडून, म्हणजे सरकारी भत्ते देणाऱ्या तिथल्या यंत्रणेकडून, दर पंधरवड्याला भत्ता मिळतो. 24 वर्षांपर्यंतच्यांसाठी तो यूथ अलाउन्स असतो आणि 25 वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ऑस्टडी. दोन्ही अर्जांत जोडीदाराविषयी प्रश्न असतो आणि तिथेच आपल्याकडच्या मुलामुलींची गफलत होते. लग्न झालेले नाही, म्हणून ‘जोडीदार नाही’ असे उत्तर सरळ मनाने दिले जाते आणि पुढे जास्तीच्या रकमेच्या वसुलीचे पत्र हातात पडते. ऑस्ट्रेलियाचा 1991 चा सामाजिक सुरक्षा कायदा लग्नाची नोंद असलेल्यांनाच जोडपे मानत नाही. लग्नाशिवाय पतिपत्नीसारखे एकत्र राहणे, म्हणजे तिथल्या भाषेत ‘डी फॅक्टो’ संबंध, हाही त्याच व्याख्येत बसतो, आणि 1 जुलै 2009 पासून समलिंगी जोडप्यांनाही हाच नियम लागू आहे.

हे भत्ते कोणासाठी नाहीत, ते आधी सांगितलेले बरे. भारतातून विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना ते मिळत नाहीत. कायम निवासाचा व्हिसा 1 जानेवारी 2019 रोजी किंवा त्यानंतर मिळालेल्यांना, काही सवलतीची प्रकरणे सोडल्यास, चार वर्षांचा प्रतीक्षाकाळ काढावा लागतो. म्हणजे पुढील माहिती मुख्यतः नागरिक झालेल्या किंवा तिथे बरीच वर्षे स्थायिक असलेल्या कुटुंबांतील मुलांच्या आणि उशिरा पुन्हा शिकायला लागलेल्या मोठ्यांच्या उपयोगाची आहे.

जोडपे की एका घरातले दोन भाडेकरू?

मेलबर्नमध्ये क्लेटनला दोन खोल्यांच्या घरात एक मुलगा आणि एक मुलगी राहतात असे धरू. भाडेकरारावर दोघांची नावे आहेत आणि विजेचे बिल एकाच्या नावावर येते. एवढ्यावरून सेंटरलिंक त्यांना जोडपे ठरवत नाही. कायद्यात पाच बाजू तपासायला सांगितल्या आहेत: पैशाचे व्यवहार, घर चालवण्याची पद्धत, समाजात दोघे कोणत्या नात्याने वावरतात, शरीरसंबंध आणि परस्परांशी असलेली बांधिलकी. फ्रिजमध्ये दूध-भाजीचे कप्पे वेगळे आहेत की वाणसामान एकत्र येते, बँकेत संयुक्त खाते आहे का, नातेवाइकांकडच्या समारंभांना जोडीने बोलावणे येते का, आजारपणात कोण कोणाचे करते, असल्या बारीक गोष्टींना इथे महत्त्व येते. कोणतीही एक बाजू निर्णायक नसते आणि निर्णय सर्व बाजू एकत्र पाहून घेतला जातो. ‘आम्ही स्वतःला जोडपे समजत नाही’ हे म्हणणे विचारात घेतले जाते, पण तेवढे पुरेसे होत नाही.

उलट बाजूने, दोघे वेगवेगळ्या पत्त्यांवर राहतात म्हणून ते एकटे ठरतीलच असेही नाही. पत्नी सिडनीत शिकते आहे आणि पती व्हिसाची वाट पाहत पुण्यात नोकरी करतो आहे, अशा वेळी ते कायमचे किंवा बेमुदत विभक्त झालेले नसल्यामुळे सर्वसाधारणपणे जोडपेच धरले जातात आणि पतीचा रुपयांतला पगार ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये रूपांतरित करून हिशेबात येतो. अपवादात्मक परिस्थितीत कायद्याच्या कलम 24 खाली अशा व्यक्तीला एकटे मानण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना आहे, मात्र त्यासाठी आपली अडचण कागदोपत्री मांडावी लागते.

रक्कम कशी बदलते?

घर सोडून राहणाऱ्या, मूल नसलेल्या एकट्या विद्यार्थ्याचा आणि मूल नसलेल्या जोडप्यातील विद्यार्थ्याचा मूळ दर एकच आहे. 2025 मध्ये तो पंधरवड्याला 663.30 डॉलर होता आणि दर 1 जानेवारीला त्यात सुधारणा होते. तेव्हा ‘जोडपे म्हटले की दर कमी’ हा समज या भत्त्यांपुरता खरा नाही. कात्री लागते ती जोडीदाराच्या उत्पन्नामुळे. जोडीदार स्वतः कोणताही भत्ता घेत नसेल, तर त्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावर वरच्या प्रत्येक डॉलरमागे विद्यार्थ्याचे 60 सेंट कापले जातात. समजा, ते मर्यादेपेक्षा पंधरवड्याला 400 डॉलरने जास्त आहे, तर 240 डॉलर जातील आणि 663.30 पैकी 423.30 हातात राहतील. यात विद्यार्थ्याची स्वतःची कमाई आणि घरभाड्याचे साहाय्य धरलेले नाही. ते साहाय्यही जोडप्यासाठी एकत्रित मोजले जाते.

ऑस्टडीत, तसेच ‘स्वतंत्र’, म्हणजे आईवडिलांवर अवलंबून नसलेला, असे गणल्या गेलेल्या यूथ अलाउन्सधारकाच्या बाबतीत, दोघांची मालमत्ता एकत्र पाहतात. राहते घर त्यातून वगळतात, पण कोथरूडचा भाड्याने दिलेला फ्लॅट वगळत नाहीत.

आता यातला खरा पेच. यूथ अलाउन्समध्ये 22 वर्षांखालील विद्यार्थी सहसा आईवडिलांवर अवलंबून धरला जातो आणि त्यांच्या उत्पन्नानुसार भत्ता कमी होतो. विवाहित किंवा नोंदणीकृत नात्यातील विद्यार्थी ‘स्वतंत्र’ ठरतो. परंतु डी फॅक्टो जोडीदारासोबत राहणाऱ्याला हा दर्जा मिळण्यासाठी साधारणपणे 12 महिने, आणि विशेष परिस्थितीत 6 महिने, एकत्र राहिलेले असावे लागते. जोडपे ठरण्यासाठी मात्र अशी किमान मुदत नाही. त्यामुळे विसाव्या वर्षी जोडीदारासोबत राहायला गेलेली मुलगी कायद्याच्या एका कलमाखाली जोडप्यातील व्यक्ती आणि दुसऱ्या कलमाखाली अजून आईवडिलांच्या आधाराने राहणारी मुलगी असू शकते. हा नियम विद्यार्थ्यांवर अन्याय करणारा आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, परंतु अर्ज भरताना तो जसा आहे तसाच धरून चालावे लागते.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज मायगव्ह या सरकारी ऑनलाइन सेवेच्या खात्याला सेंटरलिंक जोडून ऑनलाइन करता येतो आणि अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी 13 आठवड्यांपर्यंत तो दाखल करता येतो. ओळखीचा पुरावा, कर क्रमांक, बँक खाते आणि प्रवेशाचा तपशील ही नेहमीची यादी झाली. जोडीदार असल्यास त्याची माहिती, त्याच्या पगाराच्या पावत्या, कर क्रमांक आणि मालमत्तेचा तपशीलही द्यावा लागतो, आणि कागदावर तो ‘मॉड पी’ या अर्जात भरतात. जोडीदार सहकार्य करत नसेल तर अर्ज अडकून पडतो, म्हणून त्याच्याशी आधीच बोलून ठेवावे.

एखाद्यासोबत नुसते घर वाटून घेतले असेल आणि नात्याविषयी विचारणा झाली, तर ‘एसएस 284’ हा अर्ज भरून घेतात. संबंध तुटूनही भाडे परवडत नाही म्हणून दोघे एकाच छताखाली राहत असतील, तर ‘एसएस 293’ आहे. त्यात झोपण्याची खोली, स्वयंपाक, खर्च अशा गोष्टींची उत्तरे द्यावी लागतात आणि परिस्थिती माहीत असलेल्या तिऱ्हाइताचे निवेदनही लागते. दोन्ही अर्जांना भाडेकरार, बिले आणि बँकेची विवरणपत्रे जोडावीत. विवाह नोंदणीचा दाखला मराठीत असेल तर कामासाठी लागणारे भाषांतर सेंटरलिंक विनामूल्य करून देते, आणि दुभाष्याच्या मदतीने बोलायचे असल्यास 131 202 हा क्रमांक आहे.

एकत्र राहायला लागणे, लग्न, विभक्त होणे, जोडीदाराचा पगार वाढणे यांपैकी काहीही घडले तर 14 दिवसांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास जास्त दिलेली रक्कम कर्ज म्हणून वसूल होते. माहिती जाणूनबुजून दडवल्याचे दिसले तर प्रकरण खटल्यापर्यंत जाऊ शकते.

जोडपे ठरवण्याचा निर्णय मान्य नसेल तर प्रथम खात्यांतर्गत फेरतपासणी मागता येते. निर्णय कळल्यापासून 13 आठवड्यांच्या आत ती मागितली तर निकाल बाजूने लागल्यावर मागील थकबाकीही पूर्ण मिळू शकते, म्हणून पत्रावरची तारीख आधी पाहावी. त्यातूनही समाधान झाले नाही तर 14 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झालेल्या प्रशासकीय फेरविचार न्यायाधिकरणाकडे जाता येते.