जबड्यातला खटका: कधी सोडून द्यावा, कधी दाखवावा

कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली हलतं ते खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक. साधारण पहिले 20-25 मिलिमीटर ते जागच्या जागी फिरतं, त्यापुढे खोबणीतून पुढे सरकतं. टोक आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. ती पुढे घसरलेली असेल, तर तोंड उघडताना टोक तिच्या जाड कडेवरून ओलांडून जातं आणि ‘कट्’ असा आवाज येतो.

नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर उपचारांची गरज नाही. असा खटका पुष्कळांना असतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. उलट जुना खटका अचानक बंद झाला आणि तोंड अर्धवटच उघडू लागलं, तर सांधा बरा झाला असं समजू नये. चकती आता जागेवर परत येत नाही, टोक तिच्यामागे अडतं. तोंड 25-30 मिलिमीटरच उघडतं आणि हनुवटी अडलेल्या बाजूला वळते. आपली मधली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जात असतील तर उघडणं साधारण ठीक; एरवी मोठ्या माणसाचं तोंड 40 मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त उघडतं.

बहुतेकांचं दुखणं मात्र सांध्यातलं नसतंच, ते चावण्याच्या स्नायूंचं असतं. दिवसा कामात गुंग असताना किंवा झोपेत दात आवळले जातात, आणि सकाळी गाल व कानशिलं ठणकतात. कान दुखतो म्हणून तपासावं, तर कान स्वच्छ. इथे पहिला उपाय फुकटचा आहे: ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे, जीभ वरच्या दातांमागे टाळूला हलकी टेकलेली. खाता-गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागायला नकोत. मोबाइलवर तासातासाचा गजर लावून ही स्थिती तपासत राहिलं, तर सवय मोडते.

दोनेक आठवडे मऊ खाणं (खिचडी, वरणभात, उपमा), ऊस, चकली आणि च्युइंग गम बंद, जांभई देताना हनुवटीखाली मूठ. दिवसातून दोन-तीनदा 15-20 मिनिटं कोमट शेक. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, थोडेच दिवस.

रात्री दातांवर लावायची पट्टी कडक अ‍ॅक्रिलिकची, सगळे दात झाकणारी आणि दंतवैद्याने मापाने बनवलेली हवी. मोजक्याच दातांवर बसणारी पट्टी दीर्घकाळ वापरली, तर न झाकलेले दात सरकून चावा बदलतो. सांधा दुखतो म्हणून चांगले दात घासून चावा ‘जुळवून’ घेण्याची घाई कुणी केली, तर स्पष्ट नकार द्यावा. घासलेलं दाताचं आवरण पुन्हा येत नाही. अडलेला सांधा महिनोन् महिने हटून बसला, तर दोन सुया घालून तो सलाइनने धुतात. उघडी शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते.

तोंड कमी उघडण्याचं आपल्याकडचं एक मोठं कारण सांध्याबाहेरचं आहे: सुपारी आणि गुटखा. गालाच्या आतलं अस्तर पांढुरकं आणि ताठ होतं, बोटाला दोऱ्यांसारखे पट्टे लागतात, तिखट खाल्लं की जळजळतं. तिथे जबड्याची पट्टी काही करू शकत नाही. सुपारी पूर्ण सुटली पाहिजे आणि तोंडाची तपासणी नियमित व्हायला हवी, कारण यातून कर्करोग होऊ शकतो.

चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो, असं असेल तर आधी हृदय तपासावं. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येत असेल, सोबत कानशीलाला नव्याने दुखू लागलं किंवा दिसण्यात फरक पडला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. यामागे कानशिलातल्या धमनीचा दाह असू शकतो, आणि त्याने दृष्टी जाऊ शकते.

लहान मूल हनुवटीवर पडलं, तर जखमेला टाके घालून काम संपत नाही. धक्का थेट सांध्यापर्यंत जातो आणि हाडाचं टोक मोडू शकतं. तो मोड लक्षात आला नाही आणि तोंड हलवणं थांबलं, तर सांधा हाडाने जुळून बसतो, आणि त्या बाजूच्या जबड्याची वाढ खुंटते. म्हणून कानापुढे सूज, चावताना दुखणं किंवा हनुवटी एका बाजूला जाणं दिसलं, तर जबड्याचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करायला सांगावं, आणि पुढचे काही महिने मुलाचं तोंड किती उघडतं ते मोजपट्टीने मोजून लिहून ठेवावं.