लिमातला तो ‘इंका पिरॅमिड’ इंकांचा नाही

पेरूहून आलेल्यांच्या फोटोंखाली एक ओळ हमखास असते: ‘लिमातला इंका पिरॅमिड’. फोटो असतो लिमाच्या मिराफ्लोरेस भागातल्या उआका पुक्याना या प्राचीन मातीच्या पिरॅमिडचा. आणि शहरापासून तीसेक किलोमीटरवरचं पाचाकामाक हे जुन्या देवळांचं ठिकाण मात्र ‘तसंच तर आहे’ म्हणून गाळलेलं असतं. तसंच नाही.

इंकांच्या माचू पिच्चूचे चिऱ्याला चिरा भिडवलेले दगड सगळ्यांना ठाऊक आहेत. पण लिमाच्या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे पुक्याना आणि पाचाकामाक दोन्हीकडे बांधकाम मुख्यतः उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचं. रंग एकच, म्हणून गोंधळ.

पुक्यानाच्या भिंतीजवळ गेलात की विटांकडे नीट बघा. लहान लहान विटा आडव्या नाहीत, उभ्या लावल्यात. फडताळात पुस्तकं लावतो तशा, मध्ये जराजरा फट ठेवून. भूकंप झाला की त्या फटींमुळे विटांना हलायला वाव मिळतो आणि भिंत तग धरते. हे काम लिमा संस्कृतीच्या लोकांचं, साधारण इ.स. 200 ते 700 या काळातलं. पुढे वारी नावाच्या दुसऱ्या संस्कृतीच्या लोकांनी तिथं आपले मृत पुरले. इंका या किनाऱ्यावर आले ते 1470 च्या सुमारास! ज्यांनी या विटा थापल्या त्यांचं नाव पुसून सातशे वर्षांनी आलेल्यांचं लावायचं, हे मला खरंच सहन होत नाही.

इंकांचं काम बघायचं तर पाचाकामाकला जा. तिथलंही सगळं त्यांचं नाही. सर्वांत जुनं देऊळ लिमा संस्कृतीचंच, नंतरचं बरंचसं इंकांच्या आधी इथं राहणाऱ्या इच्मा लोकांचं. पाचाकामाक हे तिथल्या कौल देणाऱ्या देवाचंही नाव. लांबलांबून माणसं कौल घ्यायला यायची. इंकांनी जिंकल्यावरही त्याचं देऊळ मोडलं नाही, जवळच उंचावर स्वतःचं सूर्यमंदिर उभारलं. तिथून पॅसिफिक दिसतो. 1533 मध्ये स्पॅनिश आक्रमकांपैकी एर्नांदो पिझारो सोन्याच्या शोधात इथवर आला. लाकडात कोरलेली एक मूर्ती तिथल्या संग्रहालयात आहे, ती बघितल्याशिवाय परतू नका.

तिकीट, वेळा वगैरे हॉटेलवर विचारा. अर्धाच दिवस हाताशी असेल तर माझं मत पाचाकामाकला. पुक्याना शहरातच आहे, तासाभरात होतं. फक्त रात्रीच्या रोषणाईत नको, दिवसा जा; विटांमधल्या फटी उन्हातच दिसतात.