कंट्रोलरची थरथर: रंबल वेगळं, हॅप्टिक वेगळं

माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आला की बॅग टाकायच्या आधी एक काम करतो. पीएस ५, म्हणजे सोनीचा गेम खेळायचा कन्सोल, सुरू करून सेटिंगमध्ये जातो आणि हातात धरायच्या कंट्रोलरचं व्हायब्रेशन बंद करतो. तो परत गेला की मी ते पुन्हा चालू करतो. "मामा, हातात झुरळ धरल्यासारखं होतं रे," हे त्याचं म्हणणं. माझं म्हणणं असं की थरथर नसेल तर गाडी रस्त्यावरून न धावता काचेवरून घसरतेय असं वाटतं.

दोन दिवाळ्या हा वाद चालला. मग लक्षात आलं की आम्ही एकाच गोष्टीबद्दल भांडत नव्हतो. त्याच्या घरी कॉम्प्युटरला लावलेला साधा यूएसबी कंट्रोलर होता आणि झुरळ त्यातलं होतं. माझ्याकडचं त्याने कधी चालू ठेवून पाहिलंच नव्हतं. दोन्हीकडे मेनूत शब्द मात्र एकच: व्हायब्रेशन. या एका शब्दाखाली दोन वेगळी यंत्रं लपलेली आहेत. त्यातल्या जुन्याला रंबल म्हणतात, नव्याला हॅप्टिक. ती वेगळी केल्याशिवाय "आवडतं की त्रास होतो" या प्रश्नाला काही अर्थ नाही.

आधी रंबल. वॉशिंग मशीनमध्ये चादर एका बाजूला गोळा झाली आणि ड्रम जोरात फिरायला लागला की मशीन मोरीत चालायला लागतं, ते आठवा. रंबल म्हणजे तेच, मुद्दाम केलेलं. छोटी मोटर, तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेलं वजन. मोटर फिरली की वजन कंट्रोलरला गोल गोल हिसके देतं. बहुतेक कंट्रोलरमध्ये अशा दोन मोटरी असतात. डाव्या मुठीत मोठी, जड, संथ घुमणारी आणि उजव्या मुठीत लहान, झरझर फिरणारी. म्हणजे डावीकडे डग्गा, उजवीकडे तबला.

पण साम्य तिथेच संपतं. तबलजी तोच बोल हळू वाजवू शकतो, जोरात वाजवू शकतो, स्वर बदलत नाही. या मोटरीला ते जमत नाही. हिसका वाढवायचा तर वेग वाढवावा लागतो आणि वेग वाढला की थरथरीचा 'सूर'ही चढतो. मिक्सरचं बटण एकवरून तीनवर नेलं की आवाज मोठाही होतो आणि चिरकाही होतो, तसंच. वर हिशोब वेगाच्या वर्गाने चालतो, वेग दुप्पट तर हिसका चौपट. त्यामुळे मंद पण ठामपणे जाणवणारी थरथर, किंवा बारीक पण अगदी हलकी थरथर, एका मोटरीतून काढता येत नाही. कॉम्प्युटरवर एक्सबॉक्सच्या (मायक्रोसॉफ्टचा कन्सोल) पद्धतीने चालणाऱ्या कंट्रोलरला गेम फक्त दोन आकडे पाठवतो, डाव्या मोटरीसाठी एक आणि उजवीसाठी एक, दोन्ही ० ते ६५,५३५ यांच्या दरम्यान. काचेचा चुरा, चिखल, पाऊस, स्फोट, जे काय सांगायचं ते या दोन आकड्यांत.

दुसरी अडचण आळसाची. वजन फिरायला लागायला वेळ लागतो आणि थांबायलाही. सेकंदाचा छोटासा भागच, पण बोटांना तो कळतो. गोळी सुटून जाते आणि मूठ अजून घरघरत असते. स्वस्तातल्या कंट्रोलरमध्ये हे फार जाणवतं. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जे अनामिक कंट्रोलर ढिगाने मिळतात, त्यांतले काही मी वापरलेत. त्यांतल्या एकात तर थरथर होती किंवा नव्हती, मधलं काही नव्हतंच. टेबलावर ठेवला तर सायलेंटवर ठेवलेल्या फोनसारखा सरकत कडेला जायचा.

एवढं असूनही हे यंत्र टिकलं, कारण ते साधं आणि स्वस्त आहे. १९७६ मध्ये सेगाच्या मोटरसायकलच्या आर्केड गेममध्ये टक्कर झाली की हँडल थरथरायचं. घरात ही गोष्ट आली १९९७ मध्ये, निन्टेन्डो ६४ या कन्सोलच्या रंबल पॅकमधून, 'स्टार फॉक्स ६४' या गेमबरोबर. ते कंट्रोलरच्या मागे खोचायचं आणि त्याला स्वतःचे दोन पेन्सिल सेल लागायचे, तेही बारके. त्याच वर्षी जपानमध्ये सोनीचा ड्युअलशॉक आला, मोटरी आतच बसवलेला. मग एक मजेशीर मध्यंतर झालं. थरथरीच्या पेटंटवरून इमर्शन नावाच्या अमेरिकी कंपनीने २००२ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. मायक्रोसॉफ्टने तडजोड केली, सोनी लढली. २००६ मध्ये पीएस ३ आला तेव्हा त्याचा सिक्सॲक्सिस कंट्रोलर अजिबात थरथरत नव्हता. थरथरीमुळे आतल्या हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला अडथळा होतो, असं सोनीचं तेव्हाचं स्पष्टीकरण. २००७ च्या मार्चमध्ये इमर्शनशी समझोता झाला आणि नोव्हेंबरमध्ये ड्युअलशॉक ३ बाजारात आला. सेन्सरही होता, थरथरही होती. काय समजायचं ते समजा.

पण ज्यांना थरथर म्हणजे फालतू चाळा वाटतो त्यांना त्या मधल्या वर्षाची आठवण करून द्यावीशी वाटते. गेली तेव्हा लोकांना चुकल्यासारखं झालं होतं.

आता हॅप्टिक. इथे फिरणारं काही नसतं. स्पीकरचा कागद जसा पुढेमागे हलतो तसं एक वजन चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याच्या जोरावर पुढेमागे हलतं. याचेही दोन प्रकार आहेत. एकात वजन स्प्रिंगवर असतं आणि ते आपल्या ठरावीक कंपनसंख्येजवळच नीट हलतं. २०१७ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच कन्सोलच्या जॉयकॉन कंट्रोलरमधलं 'एचडी रंबल' हे या जातीचं. (नावात रंबल, आत रंबल नाही. गोंधळ वाढवायला नाव ठेवणाऱ्यांचाही हातभार लागलाय.) दुसरा प्रकार जवळजवळ सरळ स्पीकरच, पीएस ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये आहे तो. त्याला दोन आकडे पाठवत नाहीत, ध्वनीसारखी लहर पाठवतात. केबलने कॉम्प्युटरला जोडला तर ड्युअलसेन्स चार चॅनलचं ऑडिओ यंत्र म्हणून दिसतो. दोन चॅनल कानासाठी, दोन तळहातांसाठी.

फरक हाताला कसा कळतो? स्विचच्या '१-२-स्विच'मध्ये एक खेळ आहे: जॉयकॉन हळूच कलवायचा आणि आत किती गोट्या आहेत ते ओळखायचं. आत एकही गोटी नाही, पण ती घरंगळत जाऊन भिंतीला टेकल्याचं बोटांना कळतं. प्रत्येक पीएस ५ मध्ये आधीपासून असलेल्या 'ॲस्ट्रोज प्लेरूम' या रोबोटच्या गेममध्ये वाळूवरून, धातूवरून चालताना पावलं वेगवेगळी लागतात आणि पाऊस आला की तळहातात पत्र्यावर पडल्यासारखे थेंब पडतात. जोर फार कमी असतो. हाच मुद्दा आहे: रंबल हलकं झालं की मरतं, हॅप्टिक हलकं झालं की बोलायला लागतं.

म्हणजे नवं चांगलं, जुनं वाईट? नाही. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरमध्ये जुन्याच जातीच्या चार मोटरी आल्या, दोन मुठींत आणि दोन थेट ट्रिगरपाशी, म्हणजे तर्जनीने दाबायच्या बटणांपाशी. फोर्झासारख्या गाड्यांच्या खेळात ब्रेक दाबताना चाक अडकलं की डाव्या बोटाखाली थरथर होते, चाक जागेवर फिरायला लागलं की उजव्या. तंत्र जुनं, पण थरथर योग्य बोटाखाली आणि कामाची. उलट हॅप्टिक कंट्रोलर हातात असूनही हॅप्टिक मिळतंच असं नाही. पीएस ४ चा जुना गेम पीएस ५ वर लावला की ड्युअलसेन्स रंबलची नक्कल करतो. कॉम्प्युटरवरही ब्लूटूथने जोडला तर सहसा नक्कलच मिळते. ज्या गेममध्ये खरं हॅप्टिक आहे तिथेही ते बहुधा केबल लावल्यावरच येतं. "एवढे पैसे घातले आणि काय फरक नाही" म्हणणाऱ्या दोन मित्रांना मी केबल लावायला सांगितली. एकाचं मत बदललं.

याच गोंधळात तिसरं एक यंत्र ओढलं जातं, ड्युअलसेन्सचा अडणारा ट्रिगर. धनुष्याची दोरी ताणताना बोटाला जो विरोध जाणवतो तो थरथरीचा नाही. एक छोटी मोटर गिअरच्या मदतीने ट्रिगरला आतून रेटा देते. याची सेटिंग वेगळी आहे. बोट दुखतं म्हणून व्हायब्रेशन बंद करणारे लोक चुकीचं बटण दाबत असतात.

आता त्रासाकडे येऊ, कारण भाच्याचं झुरळ खोटं नव्हतं. कातडीच्या खोल थरात पॅसिनियन नावाचे संवेदक असतात. त्यांना साधारण २०० ते ३०० हर्ट्झची थरथर सगळ्यात चांगली कळते, आणि बदल झाला की ते सांगतात. सतत तेच चालू राहिलं की गप्प होतात. म्हणून अर्धा सेकंदाची टिचकी तरतरीत वाटते आणि दहा मिनिटांची घरघर हाताला बधिर करते. एसटीच्या शेवटच्या सीटवरून उतरल्यावर अंगात जी थरथर राहते तिचंच हे छोटं भावंड. कंट्रोलर खाली ठेवल्यावर बोटांना मुंग्या येत असतील तर खेळ थांबवायचा, त्यात शौर्य नाही.

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००२ साली एका पंधरा वर्षांच्या मुलाची हकीकत आली होती. दिवसाला सात तासांपर्यंत तो थरथरणारा कंट्रोलर धरून गाड्यांचे गेम खेळायचा आणि त्याच्या हातांना कॉम्प्रेसर ड्रिल चालवणाऱ्या कामगारांना होतो तसला त्रास सुरू झाला होता. हात पांढरे पडणं, सुजणं, दुखणं. हे एक प्रकरण आहे, सगळ्यांना भीती घालायला पुरेसं नाही. पण हाताची हाडं, सांधे किंवा स्नायू दुखावलेले असतील तर व्हायब्रेशन वापरू नका, असं सोनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. शिवाय काहींना शर्टाचं लेबल मानेला लागलेलंही सहन होत नाही, त्यांना हे आवडून घ्या असं सांगण्यात काय अर्थ? आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तीच थरथर मागून आलेल्या शत्रूची चाहूल असते.

निशाणेबाजीचे खेळ गंभीरपणे खेळणारे ती बंद करतात ते मात्र कातडीमुळे नाही. बंदूक मीच चालवली, ती चालली हे मला ठाऊक आहे. वर अंगठा हलवून नेम बिघडवायची गरज काय? इथे मी त्यांच्या बाजूने आहे, हॅप्टिक असलं तरी. मागचं चाक घसरायला लागलंय हे मात्र मला पडद्यावरून उशिरा कळतं, हाताला आधी कळतं. जे डोळ्यांना आधीच माहीत आहे ते हाताला ओरडून सांगणं म्हणजे कटकट. मला वाटतं, "व्हायब्रेशन आवडत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण याच कटकटीला कंटाळलेले असतात. १९९८ च्या 'मेटल गिअर सॉलिड'मध्ये बटण दाबून दाबून हात दुखल्यावर एक पात्र कंट्रोलर दंडाला लावायला सांगतं आणि त्या मोटरी चक्क मालिश करतात. यंत्र तेच जुनं रंबल. हातात बसलं असतं तर कटकट, दंडावर सुख.

यंदा भाचा आला तेव्हा मी काही बोललो नाही. त्याला फक्त पावसातून रोबोट चालवायला दिला. तो दोन मिनिटं गप्प होता, मग कंट्रोलर कानाला लावून पाहिला. आता गाड्यांना पूर्ण, फुटबॉलला कमी, गोळीबाराला बंद असं ठरलंय. ट्रिगरचा रेटा मात्र त्याने बंदच ठेवलाय आणि तो परत गेल्यावर मीही तो चालू केला नाही. उजव्या हाताची तर्जनी गेला महिनाभर दुखतेय.