पावसाळाभर माळ्यावर पडलेला रॉड

दिवाळी सरली की चिपळूणला मावशीकडे पाणी तापवायचा रॉड माळ्यावरून खाली येतो. गेल्या वर्षी तो बादलीत सोडून बटण दाबलं आणि घरभर अंधार झाला. ईएलसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा खटका, पडली होती. खटका वर केला, पुन्हा रॉड लावला, पुन्हा पडली. मावशीने रॉड दोन दिवस अंगणात उन्हात वाळवला, तरी तेच. शेवटी वायरमन आला. त्याने लगेच उपाय सांगितला, "मावशी, प्लगमधली अर्थिंगची वायर सोडून देतो. मग नाही पडणार."

तो म्हणत होता ते खरं होतं. ईएलसीबी पडली नसती. तरीही मी त्याचा हात धरला. कारण कळायला रॉडच्या पोटात काय असतं ते पाहायला हवं.

आपल्याला दिसते ती फक्त बाहेरची नळी. तापणारी तार तिच्या आत, मधोमध गुंडाळलेली असते. ही तार नायक्रोमची, म्हणजे मुख्यतः निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची. अल्बर्ट मार्श यांना 1906 साली अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं आणि विजेवर तापणारी टिकाऊ घरगुती उपकरणं त्यानंतर शक्य झाली. तार आणि नळी यांच्या मधल्या जागेत एक पांढरी भुकटी ठासून भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइड. मला या सगळ्या रचनेत ही भुकटीच सर्वांत विलक्षण वाटते. उष्णता वाहून नेणारे पदार्थ बहुधा वीजही वाहून नेतात. ही भुकटी मात्र उष्णता पाण्याकडे जाऊ देते आणि वीज आत रोखून धरते.

तिची एकच खोड आहे. ती हवेतला ओलावा शोषते. म्हणून रॉडच्या टोपणापाशी नळीची तोंडं लाखेसारख्या लेपाने बंद केलेली असतात. रोज तापून-थंड होऊन या लेपाला बारीक भेगा पडतात. त्यात कोकणातला चार महिन्यांचा पाऊस! माळ्यावर पडल्या पडल्या भुकटी दमट होते आणि तारेतली वीज तिच्यातून नळीपर्यंत झिरपायला लागते. उन्हात नळी वरून वाळली, पण आतली भुकटी तशीच राहिली.

मी रॉडचा प्लग सॉकेटमधून काढून रोध मोजायला मल्टिमीटर लावला. दोन बारीक पिनांमध्ये 35 ओहम. 1500 वॉटच्या रॉडला 230 व्होल्टवर एवढाच रोध हवा, म्हणजे तार धडधाकट होती. मग एक टोक पिनेला आणि दुसरं नळीला लावलं. इथे निदान दहा लाख ओहम दिसायला हवेत; दिसले जेमतेम 9,000. 230 भागिले 9,000, म्हणजे सुमारे 25 मिलिअँपिअर. घरातली ईएलसीबी 30 मिलिअँपिअरची होती आणि अशी यंत्रं 15 ते 30 च्या दरम्यान कधीही पडतात. तिने आपलं काम चोख केलं होतं.

आता अर्थिंग सोडली असती तर? बादली प्लास्टिकची. झिरपणाऱ्या विजेला जमिनीकडे जायला वाटच उरली नसती, म्हणून ईएलसीबी गप्प बसली असती. रॉड चालू, पाणी गरम, सगळं ठीक दिसलं असतं. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मावशीने पाणी किती तापलं ते पाहायला बोट बुडवलं असतं, आणि ती वाट तिच्या शरीरातून तयार झाली असती. साधारण 10 मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि हात सोडवता येत नाही. तेव्हा खटका पडलाही असता, पण मावशीच्या जिवावर त्याची परीक्षा कशाला घ्यायची?

टेस्टरवरही विसंबू नका. अर्थिंग शाबूत असेल तर नळीतून वीज झिरपत असतानाही टेस्टर पेटत नाही.

रॉड अजिबातच तापत नसेल, तर ते दुखणं त्या मानाने सरळ. दोन पिनांमध्ये मीटर काहीच दाखवत नसेल (स्वस्त मीटरवर डावीकडे नुसता 1 येतो), तर कुठेतरी तार तुटली आहे. आधी प्लगचे स्क्रू पाहा, मग वायर टोपणाजवळ वाकते ती जागा. तिथे काही नसेल तर आतली कॉइल गेली, तिला दुरुस्ती नाही. पाण्याबाहेर रॉड चालू राहिला की ती हमखास जाते.

पाणी तापायला फार वेळ लागतोय, ही तक्रार आली की सगळे रॉडवरच्या पांढऱ्या थराकडे बोट दाखवतात. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमचा तो थर. पण तो असला तरी तार तेवढीच वीज खेचते आणि ती सगळी उष्णता अखेर पाण्यातच जाते. नुकसान होतं ते तारेचं, कारण उष्णता बाहेर ढकलायला तिला आत जास्त तापावं लागतं आणि ती लवकर जळते. वेळ लागतो तो बहुधा व्होल्टेजमुळे. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर 1500 वॉटचा रॉड जेमतेम 920 वॉटचा उरतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 45 वर न्यायला एरवी 14 मिनिटं पुरतात, तिथे 23 लागतात. थर काढायचा तर प्लग काढून, टोपण कोरडं ठेवून, नळी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवा. बुडबुडे येतात तो कार्बन डायऑक्साइड.

आणि प्लग हाताला चटका देत असेल तर रॉड बंद करा. 1500 वॉटला साडेसहा अँपिअर लागतात, त्याला 16 अँपिअरचंच सॉकेट हवं. सैल पिनेपाशी अर्ध्या ओहमचा रोध तयार झाला तरी तिथे 21 वॉट उष्णता साठते, प्लास्टिक वितळायला तेवढी पुरते.

मावशीला आयएस 368 चा, म्हणजे अशा रॉडसाठीच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेला नवा रॉड आणला. जुना भंगारवाल्याला देण्याआधी त्याची वायर अगदी टोपणापासून कापून टाकली, म्हणजे तो उचलून कुणी पुन्हा पाण्यात सोडणार नाही.