जीवनगुणवत्ता

जीवनगुणवत्ता : माणसाला आपले जगणे किती सुरक्षित, समाधानाचे आणि अर्थपूर्ण वाटते, तसेच ते तसे व्हावे यासाठी लागणारी परिस्थिती त्याच्या वाट्याला कितपत आली आहे, या दोन्हींचा एकत्रित विचार या संज्ञेत होतो. व्यवहारात राहणीमान हा शब्द याच अर्थाने वापरला जातो. परंतु राहणीमान म्हणजे मुख्यतः उत्पन्न, घर, वस्तू आणि सेवा यांचा उपभोग, तर जीवनगुणवत्तेत आरोग्य, शिक्षण, नातीगोती, मोकळा वेळ, परिसर आणि प्रतिष्ठा यांचाही समावेश होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अंमलात आलेल्या घटनेने आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थिती होय, असे मानले आणि या व्यापक विचाराला अधिकृत आधार मिळाला.

दरडोई उत्पन्नाचा आकडा अपुरा आहे हे अभ्यासकांना टप्प्याटप्प्याने पटत गेले. १९७४ मध्ये रिचर्ड ईस्टरलिन यांनी दाखवले की एखाद्या देशात श्रीमंत लोक गरिबांपेक्षा अधिक सुखी असल्याचे सांगतात, पण देशाचे उत्पन्न वर्षानुवर्षे वाढले तरी त्या प्रमाणात समाधान वाढतेच असे नाही. या निष्कर्षावर आजही वाद आहे. १९७९ मध्ये मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी बालमृत्यूचे प्रमाण, आयुर्मान आणि साक्षरता यांवर आधारलेला निर्देशांक मांडला. १९९० पासून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा मानव विकास निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला, त्यामागे महबूब उल हक यांची कल्पना आणि अमर्त्य सेन यांचा विचार होता. हे सारे निर्देशांक सरासरीवर उभे असल्यामुळे एकाच शहरातील दोन वस्त्यांमधला फरक त्यांत बुजून जातो, ही त्यांची मोठी मर्यादा आहे.

सेन यांच्या मांडणीतील सर्वांत उपयुक्त मुद्दा असा की वस्तू हाती असणे आणि तिच्यामुळे जगणे सुधारणे यांत अंतर असते, आणि ते अंतर किती असेल हे भोवतालच्या परिस्थितीवर ठरते. नागपुरातील उन्हाळा याचे अचूक उदाहरण आहे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपुढे जातो, नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या अतितप्त नऊ दिवसांत रात्रीही भिंती तापलेल्याच राहतात, आणि कूलर ही चैन न राहता गरज होते. कूलरचे तत्त्व साधे आहे. टाकीतले पाणी पंपाने वर चढून वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताट्यांवरून ओघळते, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांमधून आत ओढतो, आणि पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाऊन ती गार होते. मात्र आत आलेली हवा बाहेर पडायला समोर दुसरी खिडकी लागते. ती नसेल तर खोलीत दमटपणा साचत जातो आणि थोड्याच वेळात गारव्याऐवजी चिकचिक उरते. त्यामुळे एकाच दुकानातून एकाच किमतीला घेतलेला कूलर दोन बाजूंनी मोकळ्या घरात शांत झोप देतो, तर दाट वस्तीतल्या टिनाच्या छपराच्या एकाच दाराच्या खोलीत त्याचा जेमतेम उपयोग होतो. त्यातच त्याला दिवसाला कित्येक बादल्या पाणी लागते, आणि वीज गेली की सारेच थांबते. घरात कूलर आहे की नाही एवढेच नोंदवणाऱ्या सर्वेक्षणात ही दोन्ही घरे सारखीच दिसतील.

पाण्याच्या बाबतीत शेजाऱ्यांचे हित एकमेकांत गुंतलेले असते. नागपूरला मुख्यतः पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे पाणी मिळते. उन्हाळ्यात नळाचा दाब कमी झाला की काही घरांत जलवाहिनीलाच टिल्लू पंप (पाणी खेचणारा छोटा विद्युत पंप) जोडला जातो; त्या घराची टाकी भरते, पण त्याच जलवाहिनीच्या पुढच्या टोकाला असलेल्या घरात थेंबही येत नाही, आणि मग तेथेही टिल्लू पंप घेतला जातो. यात व्यक्तीचा दोष काढण्यापेक्षा पुरेसा दाब ठेवणारी सार्वजनिक व्यवस्था उभी करणेच महत्त्वाचे आहे. ज्या वस्तीत टँकरवर भिस्त असते, तेथे त्याची वाट पाहण्यात जाणारे सकाळचे तास बहुधा घरातील स्त्रीच्या किंवा मुलीच्या वाट्याला येतात. या वेळेचा हिशेब कोणत्याही उत्पन्नाच्या आकड्यात धरलेला नसतो.

घराबाबत छप्पर आणि भिंती यांच्याइतकीच हक्काची शाश्वती मोलाची असते. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या अनधिकृत लेआउटमध्ये आयुष्यभराची बचत घालून भूखंड घेतलेली हजारो कुटुंबे नागपुरात आहेत. २००१ चा महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम अशा भूखंडांच्या नियमितीकरणासाठी करण्यात आला. ‘आर.एल. मिळालं का?’ हा प्रश्न येथे दोन शेजाऱ्यांच्या बोलण्यात सहज येतो, कारण नियमितीकरणाचे ते पत्र हाती नसेल तर नकाशा मंजूर होत नाही, कर्ज मिळणे अवघड होते आणि वरचा मजला चढवण्याचा विचार वर्षानुवर्षे लांबत राहतो. झोपडपट्टीत राहणाऱ्याला मिळणाऱ्या मालकी हक्काच्या पट्ट्याचे मोलही असेच आहे. परिसराचा धोका मात्र हक्काच्या घरालाही चुकत नाही : २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या अतिवृष्टीत अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या सुस्थित वसाहतींमधील तळमजलेही पाण्याखाली गेले.

कामातून पगाराबरोबर उद्याची निश्चिंती मिळते का, यावरही जगण्याचा दर्जा ठरतो. जमशेदजी टाटा यांची १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झालेली एम्प्रेस मिल या दृष्टीने उल्लेखनीय आहे. तेथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी सुरू झाला, म्हणजे देशात असे कायदे होण्याच्या कितीतरी आधी.

आरोग्यसेवेबाबत रुग्णालयापासूनचे अंतर हा उत्पन्नाइतकाच प्रभावी घटक ठरतो. नागपुरातील ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या शासकीय रुग्णालयांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून मध्य प्रदेशातील छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. उपचार मोफत वा अल्प दरात झाले तरी सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, प्रवास आणि आवारात चादर अंथरून काढलेल्या रात्री हा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो. विदर्भातील आदिवासी आणि काही दलित समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक आजारात हे प्रकर्षाने दिसते. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तप्रवाहात अडकतात आणि असह्य वेदना होतात. अतिश्रम, थंडी आणि शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे हे झटके येऊ शकतात. साहजिकच उन्हात राबणाऱ्या मजुराला हा आजार सावलीत बसून काम करणाऱ्यापेक्षा अधिक छळतो. या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली.

प्रतिष्ठा हा घटक मोजायला सर्वांत कठीण. तरीही त्याला शेवटचे स्थान देणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या दिवशी कोणाचीही मजुरी वाढली नाही की कोणाला घर मिळाले नाही; परंतु जन्माने लादलेली हीनता नाकारल्यामुळे स्वतःकडे पाहण्याची दृष्टी बदलली, आणि शिक्षणाची ओढ घराघरांत रुजायला त्यातून मोठे बळ मिळाले. आजही विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीवर येणारे लोक, ज्यांत दिवसाच्या मजुरीवर जगणारेही असंख्य असतात, तेथील पुस्तकांच्या दुकानांपुढे दाटी करतात आणि परतीच्या गाडीत बसताना त्यांच्या पिशवीत मुलांसाठी घेतलेली पुस्तके असतात.