ताऱ्यांच्या तेजावरून पावसाचा अंदाज

तारे किती ठळक दिसतात, पुंजक्यातले किती मोजता येतात, यावरून हवामानाचा बांधलेला आडाखा. तारा असतो तसाच असतो. बदलते ती मधली हवा. मृग, आर्द्रा ही आपली पावसाची नक्षत्रे यात मोडत नाहीत. ती सूर्याची नक्षत्रे. सूर्य मृगात असताना मृगाचे तारे दिवसा आकाशात असतात, दिसतच नाहीत. ही गल्लत फार होते.

पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतातले बटाटा पिकवणारे शेतकरी 24 जूनच्या सान हुआन सणाच्या सुमारास उजाडण्यापूर्वी डोंगरावर जाऊन कृत्तिका हा तारकापुंज पाहतात. केचुआ भाषेत कृत्तिकांना कोल्का, म्हणजे कोठार, म्हणतात. पुंजका मोठा नि ठळक दिसला तर ऑक्टोबरपासूनचा पाऊस वेळेवर. बारीक नि फिका दिसला तर उशिरा आणि कमी. मग लागवड काही आठवडे पुढे ढकलतात. ऑर्लोव्ह, चियांग आणि केन या संशोधकांनी 2000 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात कारण मांडले : एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापलेले असते त्या, वर्षी त्या दिवसांत तिथे नजरेला न जाणवणारे उंच, विरळ तंतुमेघ वाढतात आणि पुढचा पाऊसही घटतो.

नागपुरात हा हंगामी आडाखा चालणार नाही. तिकडचा जून कोरडा. इथे मोसमी ढग दाटलेले. ढगांपूर्वी पाहाव्यात म्हटले, तर 20 मेच्या आसपास कृत्तिका सूर्याच्या तेजात हरवलेल्या असतात.

हिवाळ्यात मात्र एक-दोन दिवसांपुरता उपयोग होतो. नागपूर 21 उत्तर अक्षांशावर असल्याने कृत्तिका जवळजवळ डोक्यावरून जातात. 20 जानेवारीला रात्री आठच्या सुमारास. चांदणे नसावे. वीस मिनिटे अंधारात बसावे, मोबाइल खिशातच ठेवावा, मग तारे मोजावेत. स्वच्छ हवेत सहा सहज दिसतात. शहराच्या उजेडात आकडा आधीच घटतो, म्हणून रामटेकच्या पुढे जावे. तिकडच्याच पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये देशातील पहिल्या डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपणाऱ्या उद्यानाचा, मान मिळाला. जागा आणि वेळ रोज तीच ठेवावी, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही.

सहाचे चार झाले की लगेच ढग म्हणू नये. त्याच वेळी दक्षिण-आग्नेयेला, क्षितिजापासून जेमतेम नऊ अंशांवर, अगस्त्य हा ठळक तारा पाहावा. अगस्त्य मळकट आणि कृत्तिका स्वच्छ, तर तो खालच्या थरातला धूर किंवा धूळ. धुके नसताना डोक्यावरच्या कृत्तिकाही विझू लागल्या, तर वर तंतुमेघ आहेत. पुढच्या रात्री ते दाटले, उशिरा उगवलेल्या चंद्राला खळे पडले, तर अवकाळीची शक्यता धरावी; कापून ठेवलेला हरभरा झाकावा. आंबिया बहर फुलावर असलेल्या संत्राबागांना याच दिवसांत गारपिटीची धास्ती असते. पुष्कळदा तंतुमेघ नुसतेच येऊन जातात, म्हणून प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा पाहूनच मजूर लावावेत.

पाऊस पडून गेल्यावर तारे लखलखीत दिसतात, ते धूळ धुऊन निघाल्यामुळे. त्यावरून उघडीप टिकेल असे धरू नये. लुकलुकण्यावरूनही फारसे कळत नाही, ती हवेतल्या खळबळीची खूण.