सेकंड गिअर टाकताना हाताला जे जाणवतं ते नक्की काय असतं?

टोयोटाने मध्यंतरी एक प्रयोग करून पत्रकारांना चालवायला दिला होता, लेक्सस यूएक्स ३००ई ही इलेक्ट्रिक गाडी घेऊन त्यात क्लच पेडल आणि गिअरचा दांडा बसवला, आणि या दोन्हीचा मोटरशी मेकॅनिकल संबंध शून्य. सगळं कॉम्प्युटर करतो, क्लच चुकीचा सोडलात तर गाडी गचके खाते, बंद पडल्यासारखी पण होते. बरेच लोक म्हणाले एवढा खटाटोप कशाला. मला वेगळाच प्रश्न पडला, की नक्कल करायची तर ती नेमकी कशाची करायची? खऱ्या गिअरबॉक्समध्ये हाताला जे जाणवतं ते येतं कुठून?

गाड्यांच्या रिव्ह्यूमध्ये स्मूद, क्रिस्प, नॉची असे शब्द येतात आणि मग गाडीचा आत्मा वगैरे सुरू होतं. आत्मा जरा बाजूला ठेवूया, कारण आत पितळेची एक रिंग असते आणि ती आत्म्यापेक्षा खूप जास्त इंटरेस्टिंग आहे.

उदाहरण म्हणून माझदा एमएक्स-५ घेऊ, जिला अमेरिकेत मियाटा म्हणतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा दाखवली, दोन सीट, इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना, वजन कमी आणि किंमत सामान्य नोकरदाराला झेपेल अशी. माझदा भारतात गाड्या विकत नाही त्यामुळे इथे ती दिसणं अवघडच, पण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असलेल्या आपल्या मंडळींना सेकंडहँड बाजारात सहज मिळते. आणि स्वस्तातल्या स्पोर्ट्स कारमध्ये सगळ्यात छान गिअर कुठला यावर गप्पा निघाल्या की हिचं नाव येतंच येतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बहुतेकांना वाटतं की दांडा हलवला की आत एक दातेरी चाक सरकून दुसऱ्या दातेरी चाकात जाऊन बसतं. तसं होत नाही. पुढे जायच्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात आणि फिरतच असतात, फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक त्याच्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या आसावर, मोकळं फिरतं. तुम्ही गिअर टाकता म्हणजे त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी कुलूपबंद करता. हे काम करते स्लीव्ह नावाची आतून दाते असलेली कडी, ती शाफ्टबरोबर फिरते आणि बाजूला सरकून चाकाच्या छोट्या दात्यांवर चढते.

अडचण अशी की चाक एका वेगाने फिरतंय आणि शाफ्ट दुसऱ्या. तसेच घुसवायला गेलात तर खर्रर्र. जुन्या एसटीच्या ड्रायव्हरकाकांना क्लच दोनदा मारून मध्ये रेस देताना ज्यांनी बघितलंय त्यांना हे माहीत आहे, ते काका दोन्ही वेग कानाने जुळवायचे. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश (हे वेग आपोआप जुळवणारी यंत्रणा) आणला आणि पुढे ही जबाबदारी त्या पितळी रिंगने घेतली.

आता रिंगकडे या, मला जे सांगायचंय ते इथेच आहे. रिंगचा आतला भाग शंकूच्या आकाराचा, आणि चाकावर तसाच बाहेरून शंकू. तुम्ही दांडा ढकलायला लागलात की स्लीव्ह आधी रिंगला चाकाच्या शंकूवर दाबते, घर्षण होतं आणि चाकाचा वेग शाफ्टच्या वेगाकडे यायला लागतो. हा शंकू अगदी निमुळता असतो, साधारण ६ ते ७ अंशांचा, आणि त्यामुळे पाचरीसारखा परिणाम होऊन तुमच्या हाताचा जोर शंकूच्या पृष्ठभागावर जवळपास ८ पट होतो (१ भागिले साइन ७ अंश, करून बघा). मग अजून निमुळता का नाही करत, १६ पट मिळेल की? कारण स्टीलचे पेले एकात एक घट्ट बसले की सुटत नाहीत, तसा हा शंकू पण अडकून बसेल. कोनाचा टॅन हा घर्षणांकापेक्षा मोठा हवा, तेलातल्या पितळ-स्टीलचा घर्षणांक ०.१ च्या आसपास आणि ७ अंशांचा टॅन ०.१२, म्हणजे बघा किती काठावर डिझाइन केलंय!

पण खरी कमाल पुढे आहे. रिंगच्या बाहेरच्या कडेला टोकदार दाते असतात, घराच्या छपरासारखे दोन उतार असलेले. घर्षण चालू आहे तोवर रिंग किंचितशी फिरून आडवी उभी राहते आणि तिचे दाते स्लीव्हच्या बरोबर वाटेत येतात, स्लीव्ह त्या उतारावरून रिंगला बाजूला सारायचा प्रयत्न करते आणि घर्षण तिला सरकू देत नाही. दोघांची रस्सीखेच. वेग सारखे झाले की वेगातला फरक संपला, म्हणून ते घर्षणाचं बळ पण संपलं, आणि त्याच क्षणी रिंग आपोआप बाजूला होते आणि स्लीव्ह आत जाते. कुठलाही सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. वेग जुळले की नाही हे मोजणारी आणि न जुळल्यास दार अडवून धरणारी वस्तू एकच आहे, आणि ती पितळेची आहे. मला हे विसाव्या शतकातल्या सगळ्यात सुंदर यंत्रांपैकी एक वाटतं.

आता हाताला काय कळतं ते बघा. दांडा न्यूट्रलमधून निघतो तेव्हा स्प्रिंगवरची एक गोळी खाचेतून बाहेर पडते, तो पहिला हलका विरोध. मग क्षणभर एक भिंत लागते, ती रिंग. मग भिंत अचानक नाहीशी होते आणि दांडा आत पडतो, जाता जाता चाकाच्या दात्यांची टोकं लागली तर एक बारीकसा दुसरा धक्का, आणि शेवटी गोळी पुढच्या खाचेत टक्कन बसते. चांगल्या गिअरबॉक्समध्ये हे सगळं एका सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं, पण आपला हात इतका तरबेज असतो की हे टप्पे वेगवेगळे ओळखतो.

सेकंड गिअरच का त्रास देतो, याचं पण गणित आहे. सध्याच्या म्हणजे २०१५ पासूनच्या मियाटाच्या सहा-स्पीड बॉक्समध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर (बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला आत येणाऱ्या शाफ्टचे किती फेरे) ५.०८७, दुसऱ्याचं २.९९१ आणि तिसऱ्याचं २.०३५. फर्स्टमध्ये ६००० आरपीएमला असताना सेकंड टाकला तर इनपुट शाफ्टला, म्हणजे क्लचकडून आत येणाऱ्या शाफ्टला, साधारण ३५३० वर यावं लागतं, आणि सेकंडमधून थर्डला ४०८० वर. म्हणजे पहिल्या वेळी अडीच हजार खाली, दुसऱ्या वेळी १९००. वर त्यात अजून एक भानगड, सिंक्रो, म्हणजे ही रिंग आणि शंकूची जोडी, आउटपुटच्या म्हणजे गाडीच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या बाजूला आहे असं धरलं तर इनपुट शाफ्ट आणि क्लच प्लेटचं जडत्व त्याला गुणोत्तराच्या वर्गाने मोठं होऊन भासतं, सेकंडला ८.९ पट आणि थर्डला ४.१ पट, आणि त्या जागचा वेगातला फरक अनुक्रमे ८३० आणि ९४० आरपीएम, गुणाकार केला तर सेकंडच्या सिंक्रोला थर्डच्या जवळपास १.९ पट काम पडतं. एवढं गणित डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही, लक्षात एवढंच ठेवा की खालच्या गिअरच्या रिंगवर भार जास्त, म्हणून बऱ्याच गाड्यांत फर्स्ट-सेकंडला एकाऐवजी दोन किंवा तीन शंकू देतात.

हे सगळं प्रत्येक गाडीत असतं, मग मियाटाच का आवडते? कारण तिचा गिअरबॉक्स सीटच्या शेजारी, दोन सीटमधल्या उंचवट्याखालच्या बोगद्यात, उभा लांब बसवलेला आहे आणि दांडा थेट त्याच्या डोक्यात घुसतो. मध्ये काही नाही. ड्राइव्ह पुढच्या चाकांना असलेल्या गाड्यांमध्ये, म्हणजे मॅन्युअल फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय असो की आपल्या रोजच्या हॅचबॅक, गिअरबॉक्स इंजिनच्या बाजूला आडवा असतो, त्यामुळे दोन केबल टाकाव्या लागतात, एक आडव्या हालचालीची आणि एक उभ्या. केबल थोडी ताणली जाते, तिच्या टोकांना रबराचे बुश असतात, आणि त्या रिंगकडून येणारा निरोप वाटेतच अर्धा विरतो. अर्थात केबल म्हणजे वाईटच असं नाही, होंडा सिव्हिक टाइप आर केबलवरच आहे आणि तिच्या गिअरचं कौतुक मियाटाइतकंच होतं. ताठ केबल, कडक बुश आणि नीट जुळवलेल्या स्प्रिंगा असतील तर जमतं.

जुन्या मियाटात दांड्याच्या बुडाशी एक छोटी प्लॅस्टिकची वाटी असते आणि वर रबराची टोपी. ती टोपी फाटली की खालची गरम हवा आणि आवाज केबिनमध्ये येतो, वाटी झिजली की दांडा न्यूट्रलमध्ये डुलतो. लोक लगेच म्हणतात गिअरबॉक्स गेला. गिअरबॉक्स ठणठणीत असतो, किरकोळ पार्ट बदलायचे असतात.

आणि बाजारात जे विकतात त्याबद्दल पण बोलायला हवं. शॉर्ट शिफ्टर लावला की दांडा कमी अंतर हलतो हे खरं, पण तरफेचा नियम शाळेत शिकलोय आपण, अंतर कमी झालं की जोर त्याच प्रमाणात जास्त लागणार. रिंगला लागणारं काम तेवढंच राहतं. लोक मग दांडा हाणतात आणि दोन वर्षांनी सेकंड कुरकुरायला लागतो. गिअर ऑइलमध्ये ओतायच्या जादुई बाटल्यांचं तर विचारूच नका, सिंक्रोला घर्षण हवंच असतं, ते घालवणारं औषध ओतून तुम्ही त्याचंच काम बंद पाडताय. म्हणूनच जीएल-४ (जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे) सांगितलं असेल तिथे जास्त भारी म्हणून जीएल-५ ओतू नये. नवीन गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्यांना पण माझं हेच सांगणं आहे, लिंबाने गिअरबॉक्स वाचत नाही, क्लच पूर्ण दाबल्याने वाचतो.

गाडीवेड्या मित्रांसाठी अजून एक. हील-अँड-टो करून, म्हणजे ब्रेक दाबतानाच रेस देऊन खालचा गिअर टाकला की सिंक्रो वाचतो, असं खूप जण समजतात. क्लच दाबलेला असताना रेस दिली तर फक्त इंजिन वेगात येतं, गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट तर इंजिनपासून तुटलेला आहे, त्याला काही कळतच नाही. फायदा होतो तो क्लच सोडताना, गाडी झटका खात नाही आणि मागची चाकं घसरत नाहीत. सिंक्रोला आराम द्यायचा असेल तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यावी लागते, एसटीच्या काकांसारखी. नवीन गाड्यांतलं ऑटोमॅटिक रेव्ह-मॅचिंग, म्हणजे गाडीने स्वतःच रेस देणं, ते पण सिंक्रोसाठी काही करत नाही.

थंडीत सकाळी सेकंड जड जातो ते मात्र साधं कारण आहे. ऑइल दाट झालेलं असतं, शंकूच्या दोन पृष्ठभागांमधून ते बाहेर निघेपर्यंत घर्षण सुरूच होत नाही. रिंगवर बारीक खाचा कोरलेल्या असतात त्या ऑइलला वाट द्यायलाच. आठ-दहा किलोमीटर चालवा, आपोआप मोकळा होतो.

म्हणून वापरलेली मियाटा किंवा कुठलीही मॅन्युअल गाडी बघायला गेलात तर मालकाला आधीच सांगा की गाडी गरम करून ठेवू नका. थंड असतानाच अडीच हजार आरपीएमच्या आसपास थर्डमधून सेकंड टाका, घाई न करता, रेस न देता. जड गेला तर ते ऑइल आहे. खर्र झालं तर एकदा क्लच नीट सुटतोय का तपासा, आणि तो ठीक असेल तर रिंग झिजली आहे, ती बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवून पूर्ण खोलावा लागतो, तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला.